लॅम्बर्ट कुबिचेकचा लाल झेंडा

"बॉल आत होता."

"बाहेर होता."

"डॅड, तो रेषेला शिवला होता. मी मारला होता, मला माहीत आहे."

"तू मारलास आणि तोंडावर आपटलीस. मी उभा होतो, दोन्ही डोळे उघडे ठेवून. दोन बोटं बाहेर."

"दोन? ईस्टरला दीड म्हणाला होतास."

"दीड मी तुझ्या आजीला म्हणालो होतो. तिला ब्लडप्रेशर आहे."

मार्लीने खिडकीची काच खाली केली, बाहेरच्या मक्याला एक खोल उसासा ऐकवला आणि काच पुन्हा वर केली. हे भांडण अकरा महिन्यांचं होतं. अकरा महिन्यांचं पोर उभं राहायला लागतं, एखादा शब्द बोलतं. हे भांडण मात्र जन्मलं तेव्हा जिथं होतं तिथंच पाय झाडत पडलेलं होतं. आत. बाहेर. मीठ दे. आत. बाहेर. दिवा बंद कर. मार्लीची आई बेव्ह हिने या दोघांबरोबर गाडीत बसायचं सोडूनच दिलं होतं. आज सकाळी ती म्हणाली, "माझं डोकं दुखतंय." मार्ली म्हणाली, "अजून आम्ही भांडायलाच लागलो नाही." बेव्ह म्हणाली, "मी आधीच दुखवून घेतलंय."

गाडी निघाली होती लिबुशाहून. लिबुशा म्हणजे नेब्रास्काच्या सपाटीवरचं आठशे वस्तीचं गाव: एक चर्च, एक शाळा आणि धान्याचं एक उंच कोठार. त्या कोठाराच्या फाटकावर लॅम्बर्ट कुबिचेक एकतीस वर्षं बसत आलेला. शेतकऱ्याचा ट्रक आला की तो लांब पोकळ सळई मक्यात खुपसायचा, मूठभर नमुना काढायचा, एक दाणा दाढेखाली धरायचा आणि सांगायचा, "ओलावा पंधरा पूर्णांक आठ." मग तोच नमुना यंत्रात घातला जायचा आणि यंत्र निमूटपणे सांगायचं, पंधरा पूर्णांक आठ. नवं यंत्र आलं तेव्हा कंपनीचा माणूस ते तपासायला आला होता. त्याने यंत्र लॅम्बर्टशी ताडून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि निघून गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळीसुद्धा हा माणूस फाटकावर होता. सासऱ्याला वाटलं, आज जावई सुटात आहे, खिशाला फूल आहे, आज आपला मका जाईल. लॅम्बर्टने फूल सांभाळत दाणा चावला आणि म्हणाला, "ओला आहे. परत न्या. दुपारी चर्चमध्ये भेटू." बेव्हचे वडील लेकीला हाताला धरून वेदीपर्यंत घेऊन आले खरे, पण जावयाकडे न बघता. "मला तेव्हाच कळायला हवं होतं," बेव्ह अजून म्हणते.

एकदा त्याने शेरीफला स्वतःहून फोन केला होता, की मी पुलाजवळ मर्यादेपेक्षा सात मैल जास्त वेगाने गेलो. शेरीफ म्हणाला, "लॅम्बर्ट, मी जेवतोय." आणि सगळ्या परगण्यात हाच एक माणूस असा, की ज्याने शुक्रवारी पकडलेला मासा रविवारीही तेवढाच असायचा.

अशा माणसाला व्हॉलीबॉलच्या रेषेवर उभं करायचं नाही तर कुणाला करायचं. मार्ली तीन वर्षांची होती तेव्हापासून शाळेच्या सामन्यांना लॅम्बर्ट रेषापंच. बॉल बाहेर पडला, झेंडा वर. आत पडला, झेंडा खाली. झेंडे त्याने स्वतः शिवलेले, आपल्या जुन्या लाल लोकरी आतल्या पायजम्याचे. ही गोष्ट गावातल्या सगळ्यांना माहीत होती आणि मार्लीला ती बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच माहीत होती. मार्ली शाळेच्या संघात आली तेव्हापासून तो तिच्या सामन्यांना बाकावर बसायचा. झेंडे गाडीत असायचे.

मग गेला ऑक्टोबर आला. ओक प्रेअरीविरुद्धचा सामना, म्हणजे असा सामना की ज्यावरून दोन गावांतले चुलतभाऊ नाताळपर्यंत बोलत नाहीत. ठरलेला रेषापंच आलाच नाही. पावसाचा अंदाज होता, तो मका कापत होता. शाळेच्या लोकांनी बाकांकडे पाहिलं. "लॅम्बर्ट, झेंडे आहेत ना गाडीत?" ओक प्रेअरीची कोच म्हणाली, "कुबिचेक असेल तर आमची हरकत नाही." मार्ली नेटपाशी उभी राहून देवाला म्हणत होती, नाही म्हण, नाही म्हण. देव काही म्हणाला नाही आणि लॅम्बर्ट हो म्हणाला.

पाचवा आणि शेवटचा सेट, पंधराला संपणारा. तेरा-चौदा, लिबुशा मागे. मार्लीने उडी मारली, जीव खाऊन स्मॅश मारला आणि बॉल लांबच्या कोपऱ्यात पडला. त्या कोपऱ्यात पायजम्याचा झेंडा सावकाश, सरळ, वर गेला.

गावाने लॅम्बर्टला जाहीरपणे काही म्हटलं नाही. तशी तिथं पद्धत नाही. पण चर्चच्या हॉलमध्ये महिनाभर त्याच्या बशीत 'कोलाचे' नावाचे जे गोड पाव आले, त्यांत ना खसखस होती, ना जर्दाळू. नुसता पावाचा गोळा, मध्ये सारणासाठी केलेला खड्डा, आणि खड्डा रिकामा. लॅम्बर्टने ते सगळे खाल्ले आणि प्रत्येक वेळी वाढणारीला सांगितलं, "बाहेर होता, एव्हलिन."

तर आजची गोष्ट अशी, की मार्लीला कॉलेज निवडायचं होतं. अ‍ॅरिझोनातलं एक छोटं कॉलेज तिला बोलावत होतं. तिथल्या कोचने तिचे व्हिडिओ पाहिले होते आणि रोज सकाळी तो तिला निरोप पाठवायचा: 'कशी आहेस, राणी', आणि पुढे तीन मुकुट. पहिल्या दिवसापासून तू खेळणार, असं त्याने लिहून दिलं होतं. तिथं पोहण्याचा तलाव होता, ताडाची झाडं होती, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते लिबुशाहून गाडीने वीस तासांवर होतं. लॅम्बर्ट विमानात बसत नसे. कोचला आज, शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. मार्लीने 'हो' टाइप करून ठेवलं होतं. फक्त पाठवायचं बाकी होतं. पण बेव्ह म्हणाली होती, "एकदा सेंट लुडमिला बघून ये. माझ्यासाठी. मग चंद्रावर गेलीस तरी चालेल."

सेंट लुडमिला कॉलेज घरापासून अठ्ठेचाळीस मैलांवर होतं.

"नुसतं बघायचं," मार्ली म्हणाली. "आणि तू काही बोलायचं नाहीस."

"विचारलं तर?"

"विचारलं तरी."

"असं कसं," लॅम्बर्ट म्हणाला आणि त्याने वळण घेण्याच्या पाव मैल आधी गाडीचा दिवा लावला.

फाटकाशी एक उंच, काटकुळा माणूस उभा होता. त्याच्या टायवर सारस पक्षी छापलेले होते. "क्लेमंट फियाला," तो म्हणाला. "प्रवेश विभाग. म्हणजे प्रवेश विभाग मीच. आमच्याकडे विद्यार्थी सातशे आणि माणसं कमी, त्यामुळे प्रत्येकाला दोन कामं. आणि आमचा संघ म्हणजे सारस."

"तुमचं दुसरं काम कोणतं?" मार्लीने विचारलं.

मिस्टर फियाला लाजला. "दुपारी कळेल."

जिममध्ये शिरल्यावर मार्लीने वहीत पहिली नोंद केली: छत बुटकं. दुसरी: वास, फरशी पुसायच्या साबणाचा. फरशी पुसत होती साठीची एक बुटकी बाई, गळ्यात शिट्टी, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. ती कोच पेग ओल्टमान. तिची कामं दोन नव्हती. संघाला शिकवणं, संघाची गाडी चालवणं, संघाचे कपडे धुणं, आणि सोमवारी-बुधवारी बोलिंगचा वर्ग.

मार्ली वही उघडून अकरा प्रश्नांपैकी पहिला विचारणार, तेवढ्यात तिला मागे कुणी दिसेना. लॅम्बर्ट नाहीसा झाला होता. मग तो सापडला. तो मैदानाच्या कोपऱ्यात पालथा पडला होता, गाल फरशीला टेकवून, एक डोळा मिटून.

"त्यांना काही होतंय का?" कोच पेगने विचारलं.

"नाही," मार्ली म्हणाली. "ते मका तपासतात."

कोचला ते उत्तर पुरेसं वाटलं. तिने पुसणं थांबवलं. "काय दिसतंय?"

"उत्तरेकडच्या कोपऱ्यात रेष केसभर डावीकडे जाते," फरशीवरून आवाज आला.

"मीच चिकटवली. दोरीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं." पेग त्या कोपऱ्यात गेली, गुडघे कुरकुरत असताना खाली बसली आणि तिनेही एक डोळा मिटला. "जाते खरी. चौदा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही."

दोघं उठून उभे राहिले आणि त्यांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं. जगात असा माणूस एकच आहे या भरवशावर ती आजवर जगत आली होती.

"पहिल्या वर्षी मी खेळेन?" तिने घाईने विचारलं.

"नाही," पेग म्हणाली.

मार्ली 'पण'ची वाट पाहत राहिली. अशा वाक्यानंतर 'पण' येतो. आला नाही.

"तुझ्या जागेवर चौघी आहेत," पेग बादली ओढत म्हणाली. "दोघी चांगल्या, एकीचा गुडघा गेलाय, एक प्रेमात पडलीय. गुडघा बरा होईल. दुसऱ्या वर्षी तुझा विचार करेन, पण उडी मारताना तुझं डावं पाऊल आत वळतं, ते सुधारायला हवं. मी तुझे चार सामने पाहिलेत. शेवटच्या बाकावरून."

"कोणते चार?"

"एक गेल्या ऑक्टोबरमधला. ओक प्रेअरीविरुद्धचा."

मार्ली एक पाऊल पुढे आली. तिचा आवाज आपोआप बारीक झाला. "मग तुम्ही पाहिला असेल तो बॉल. शेवटचा. आत होता ना?"

पेगने फडकं पिळलं. सावकाश पिळलं. "मी दुसऱ्या टोकाला बसले होते. मला जे दिसलं नाही ते मी सांगत नाही."

लॅम्बर्टने, बोलायचं नाही म्हणून, नुसती मान डोलावली. ते डोलावणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुपारी जेवण संघाबरोबर. घेवडा-खिम्याची तिखट चिली आणि बरोबर दालचिनीचा गोड रोल, म्हणजे शाळेत शुक्रवारी असायचं तेच. मार्लीने रोलचा तुकडा तिखट चिलीत बुडवला आणि अ‍ॅरिझोनात हे मिळत नसणार, हा विचार मनात आला तसा हाकलून दिला. तिच्या शेजारी बसली होती शेल्बी, संघाची लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी, शेवटच्या वर्षाची, हातभर लांब वेणीची. समोर सगळा संघ. टेबलाच्या टोकाला लॅम्बर्ट, आज्ञाधारक, मुका.

"खरं सांगा," मार्ली म्हणाली, "इथं वाईट काय आहे?"

"काही नाही," सगळ्या एकदम म्हणाल्या.

"छान आहे."

"खरंच छान आहे."

मग बराच वेळ चमचे वाजले. त्या मुलुखात ही शांतता मोडायला माणसाला साधारण अर्धी वाटी चिली लागते.

"गाडीचा हीटर फक्त मागच्या दोन बाकांना पोचतो," एक म्हणाली.

"मागे बसायला तिसरं वर्ष यावं लागतं," दुसरी म्हणाली.

"कोच धुवायला नेतात आणि सगळे मोजे एकाच पिशवीत टाकतात. आम्ही चार वर्षं एकमेकींचे मोजे घालतोय."

"त्यांना स्वतःचेही मिळत नाहीत."

"पण नखाचं सांगा ना तिला," प्रेमात पडलेली म्हणाली. ती प्रेमात पडलेली आहे हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. तिने रोलऐवजी रुमाल बुडवला होता.

"नखाचं काय?"

शेल्बीने चमचा खाली ठेवला. "आमचा एक नियम आहे. ब्लॉक करताना बॉल तुझ्या हाताला शिवून बाहेर गेला आणि पंचांना दिसलं नाही, तर आपणच हात वर करायचा. नखाला लागला तरी. गेल्या वर्षी दोन सामने हरलो तसे."

"तीन," कुणीतरी म्हणालं.

"तिसरा मी उगाच केला होता हात वर," गुडघेवाली म्हणाली. "मला वाटलं होतं लागला."

मार्लीने शेल्बीकडे पाहिलं, मग टेबलाच्या टोकाकडे. लॅम्बर्ट उठून दुसऱ्यांदा चिली घ्यायला निघाला होता. त्याची चाल मंगलाष्टकं सुरू झाल्यासारखी होती.

संपलं, मार्ली मनात म्हणाली. हे कॉलेज नाही, हा माझा बापच आहे, विटांनी बांधलेला.

ती शेल्बीला ऑक्टोबरमधली सगळी हकिगत सांगत सुटली. पायजम्यासकट. कोलाच्यांच्या रिकाम्या खड्ड्यांसकट. शेवटी शेल्बी म्हणाली, "पण मारणारीला कळतंच ना. हातातून सुटल्या सुटल्या कळतं."

मार्ली रोल खाऊ लागली. मोठा घास घेतला, बोलावं लागू नये म्हणून.

दोन वाजता सामना होता, हार्लन व्हॅली कॉलेजविरुद्ध. मार्ली आणि लॅम्बर्ट सगळ्यात खालच्या बाकावर बसले, मागच्या रेषेच्या अगदी समोर. मिस्टर फियालाचं दुसरं काम आता कळलं: करड्या पिसांचा, लाल टोपडं घातलेला, चार फूट चोचीचा एक सारस दारातून आडवा होऊन आत आला, कारण चोच सरळ शिरत नव्हती. आत आल्यावर तो चारही बाजूंना वाकून नमस्कार करत फिरला आणि प्रत्येक नमस्काराला कुणाची तरी टोपी पडली.

मार्लीने मांडीवर फोन ठेवला होता. पडद्यावर 'हो' थांबलेलं होतं.

मग ते झालं. कोच पेग पंचांशी बोलली, घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि मग तिने बाकांकडे पाहिलं. अशी नजर मार्लीला ओळखता येत होती.

"डॅड, खाली बघ."

"मिस्टर कुबिचेक," पेग म्हणाली. "आमच्या दोन रेषापंचांपैकी सिस्टर बर्नीस आल्या आहेत. दुसरे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची गाय व्यायला टेकली आहे."

"पहिलटकरीण?"

"पहिलटकरीण."

"मग त्यांना हलता येणार नाही," लॅम्बर्ट म्हणाला आणि जाकिटाच्या आत हात घातला.

मार्लीला लाल कापडाचं टोक दिसलं. "तू ते बरोबर आणलेस."

"ते जाकिटात होते. जाकीट मी आणलं."

"मिस्टर फियालाला उभं करा ना," मार्ली पेगला म्हणाली. तिघांनी वळून पाहिलं. सारसाची चोच पॉपकॉर्नच्या यंत्रात अडकली होती आणि दोन माणसं त्याला कमरेला धरून मागे ओढत होती.

पेग पंचांकडे परत गेली. मार्लीने बापाची बाही धरली. ती हळू आवाजात बोलली, पण एकेक शब्द सुटा, स्पष्ट बोलली. "ऐक. मी इथं राहावं असं तुला वाटतं. आईने नाही सांगितलं, पण मला कळतं. तू माझ्या खोलीतल्या खिडकीची चौकट रंगवलीस, कोण राहणार आहे म्हणून रंगवलीस? तर हे बघ." तिने फोन दाखवला. "या जिममध्ये तो झेंडा वर गेला, की हे 'हो' जाणार. मग वीस तास गाडी चालव आणि ये."

लॅम्बर्टने 'हो' वाचलं. त्याला वाचायला चष्मा लागतो. त्याने तो काढला, लावला, वाचलं, परत ठेवला. कान खाजवला. एवढा विचार त्याने सासऱ्याच्या मक्याचाही केला नसेल.

"बाहेर पडला तर वर जाणार," तो शेवटी म्हणाला.

"एकदा, डॅड. जन्मात फक्त एकदा."

"त्याला मी काय करू, मार्ली. बॉल माझ्याकडे बघून पडत नाही."

आणि तो गेला. लाल पायजमा हातात घेऊन, ताठ, कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

सामना लांबत गेला. दोन सेट यांचे, दोन त्यांचे. झेंडा अनेकदा खाली गेला, आणि वर जायची वेळ आली ती फक्त भिंतीवर जाऊन आपटणाऱ्या बॉलसाठी. ते मार्लीने धरले नाहीत. एवढी ती न्यायी होती. अंगठा मात्र फोनवरून हलला नाही. मध्येच तिच्या लक्षात आलं, की आपण शेल्बीच्या बोटांकडे बघतोय. ती बॉल उचलायची तेव्हा आवाजच यायचा नाही. बॉल तिच्या हातात क्षणभर बसून विचार करून मग पुढे गेल्यासारखा वाटायचा. असा बॉल मिळाला तर आपण कितीतरी उंच जाऊ, असं मार्लीला वाटलं, आणि तिने स्वतःला ताडाच्या झाडांची आठवण करून दिली.

पाचवा सेट. तेरा-तेरा. हार्लन व्हॅलीच्या मुलीने स्मॅश मारला, शेल्बी ब्लॉकला उडाली, बॉल हातभर बाहेर. त्या बाजूला सिस्टर बर्नीस होत्या आणि त्या सारसाकडे बघत होत्या. पंचांनी गुण लुडमिलाला दिला. बाक उठून नाचू लागले.

शेल्बीने हात वर केला. "करंगळीचं नख," ती म्हणाली.

बाक बसले. सगळ्यांना सवय होती. एक आजोबा म्हणाले, "त्या पोरीची नखं कापा कुणीतरी." गुण तिकडे गेला. तेरा-चौदा.

मार्लीने कपाळाला हात लावला. नख. हे लोक नखासाठी हरतात. आणि तरी शेल्बी हसत परत जागेवर चालली होती आणि बाकीच्या तिच्या पाठीवर थापा मारत होत्या, जणू तिने गुण मिळवून दिलाय.

सर्व्हिस आली. उचलली. शेल्बीच्या बोटांत बॉल बसला, विचार केला आणि डावीकडे गेला. प्रेमात पडलेली मुलगी उडाली. आजची तिची सगळ्यात सुंदर उडी होती ती. तिने मारलं. बॉल नेटवरून गेला, हार्लनच्या दोघींच्या मधून गेला आणि लांबच्या कोपऱ्यात, मार्लीच्या बुटांपासून सात-आठ फुटांवर, रेषेजवळ पडला.

कोपऱ्यात झेंडा सावकाश, सरळ, वर गेला.

आणि मग लोक लॅम्बर्टकडे न बघता दुसरीकडेच बघू लागले. मार्लीला कळेना, हे सगळे माझ्याकडे काय बघतायत. समोर सारस उभा होता. त्याची चोच लॅम्बर्टकडे वळली, मग सावकाश तिच्याकडे वळली, मग परत लॅम्बर्टकडे. तेव्हा मार्लीने वर पाहिलं.

तिचा उजवा हात वर होता. कोपर ताठ, मूठ मिटलेली, मुठीत काठी धरावी तशी. झेंड्याच्या आधी गेला होता की नंतर, ते देव जाणे. फोन बाकाखाली पडला होता.

ती लुडमिलाच्या बाकांवर बसली होती, तिच्या गळ्यात त्यांनी सकाळी दिलेला सारसाचा मफलर होता, आणि ती हात वर करून सगळ्या जगाला सांगत होती, की बाहेर.

पहिली हसली प्रेमात पडलेली मुलगी. ती फरशीवर बसली आणि पोट धरून हसू लागली. मग शेल्बी. मग सगळे बाक. हार्लन व्हॅलीच्या मुली जिंकल्याचं विसरून विचारू लागल्या, काय झालं, काय झालं. मार्लीने हात खाली घेतला आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा मांडीखाली दाबून ठेवला. कोच पेग तेवढी हसली नाही. तिने मार्लीकडे बघत बोलिंगच्या जुन्या गुणपत्रिकेच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि कागद घडी करून मोज्यात खोचला.

अर्ध्या तासात जिम रिकामं झालं. म्हणजे पाहुणे गेले. बाकीचे आपापल्या दुसऱ्या कामाला लागले. गुडघेवालीने बाक पुसले. सारसाने डोकं काढून काखेत धरलं आणि झाडू घेतला. शेल्बी नेट सोडत होती. तिने एक टोक मार्लीच्या हातात दिलं, विचारलं नाही, सांगितलं नाही, घे म्हणून दिलं. मार्लीने घेतलं आणि गुंडाळायला लागली.

लॅम्बर्ट झेंडे घडी करत कोपऱ्यातून आला. कोच पेगने त्याला अडवलं.

"मिस्टर कुबिचेक, आज उपकार झाले. पण एक सांगून ठेवते. ही इथं आली तर तुम्हाला मी पुन्हा रेषेवर उभं करणार नाही. गायी व्याल्या, आकाश कोसळलं, तरी नाही. ज्याचं पोर मैदानात, त्याने बाकावर बसायचं. माझ्याकडे हा नियम आहे."

मार्लीचे हात थांबले.

लॅम्बर्टने एखादा दाणा दाढेखाली धरावा तसं ते वाक्य तोंडात धरलं. "बरोबर नियम आहे," तो म्हणाला. मग तो बोलला ते पेगशी, पण वळून मार्लीकडे बघत. "त्या ऑक्टोबरात मला 'नाही' म्हणता आलं असतं. झेंडे गाडीत नाहीत म्हणायचं, एवढंच. ते खोटं झालं असतं म्हणून म्हणालो नाही. पण 'मुलगी खेळतेय, मी उभा राहणार नाही' असं म्हणता आलं असतं. ते खरं होतं. ते मला सुचलंच नाही."

मिस्टर फियाला झाडता झाडता थांबला आणि थांबलोय हे कळू नये म्हणून जागच्या जागी झाडू लागला.

बाकाखाली फोन थरथरला. शेल्बीने वाकून काढला आणि बाकावर ठेवला. पडद्यावर तीन मुकुट होते, आणि खाली: 'वाट बघतोय, राणी.' फोन थरथरत थरथरत बाकाच्या कडेकडे सरकू लागला. लॅम्बर्टने तो पडू नये म्हणून एक बोट लावून धरला. वाचायचा मोह होऊ नये म्हणून तोंड दुसरीकडे केलं.

"बरं, माझं मी सांगितलं," तो म्हणाला. "आता तू सांग. आज हात आपोआप वर गेला तुझा. मग तेव्हा तुला काय दिसलं होतं, मार्ली? तुझा तो बॉल. आत होता का बाहेर?"

शेल्बीने वेणीचं टोक तोंडात धरलं. पेगने बादली खाली ठेवली. सारसाच्या काखेतली चोचसुद्धा वळली.

मार्लीने नेटची शेवटची घडी मारली, दोरी करकचून बांधली आणि तो भारा खांद्यावर टाकला. शेल्बीने सामानाच्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. मार्ली बापाच्या शेजारून गेली, बाकावर त्याच्या बोटाखाली थरथरणाऱ्या फोनला हात न लावता त्याच्या शेजारून गेली, कोपऱ्यातल्या त्या केसभर वाकड्या रेषेवर पाय पडू न देता ती ओलांडली, आणि खांद्याने दार ढकलून आत निघून गेली.